थरथरत्या हृदयाचा नकाशा



हृदयविकार हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतून साधारणपणे तीनच विषय निघतात : कोलेस्टेरॉल, अँजिओप्लास्टी आणि बायपास. या तिन्हींचा संबंध हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांशी आहे. परंतु घरात जशी पाण्याची नळजोडणी वेगळी आणि विजेची जोडणी वेगळी, तसाच प्रकार हृदयातही आहे. रक्तवाहिन्या स्वच्छ असताना विजेच्या जोडणीत बिघाड होऊ शकतो. त्या बिघाडांपैकी वैद्यांच्या नित्य अनुभवात येणारा आणि तरीही सामान्य माणसाला नावानेसुद्धा फारसा परिचित नसलेला विकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्याचा विद्युत-नकाशा काढण्याचा प्रयत्न शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या प्रयत्नात काय हाती लागले आणि काय अद्याप निसटते आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत शिकलो. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदाच्या वरच्या टोकाला, जेथे वरची महानीला येऊन मिळते, तेथे पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. हाच निसर्गाचा पेसमेकर. तेथून निघालेला विद्युत-संदेश दोन्ही अलिंदांवर पसरतो आणि साधारण एक दशांश सेकंदात ती आकुंचन पावतात. मग हा संदेश अलिंद व निलय यांच्यामधील एका गाठीत क्षणभर थांबतो. जर्मनीत काम करणारे जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये ही गाठ दाखवून दिली. येथला थांबा अत्यंत हेतुपूर्ण आहे. अलिंदातील रक्त निलयात उतरेपर्यंत निलयाने वाट पाहावी, यासाठीच तो आहे. त्यानंतर संदेश खाली जातो, निलय आकुंचन पावतात आणि मनगटाला नाडी लागते.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ही शिस्त वरच्या कप्प्यांत पूर्णपणे मोडते. अलिंदांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विद्युत-संदेश फिरू लागतात. इतक्या वेगाने स्नायूला आकुंचन पावणे शक्यच नसते. तो केवळ थरथरतो. मधली गाठ यांतील बहुतेक संदेश अडवते आणि उरलेले कसेही, कोणत्याही अंतराने खाली सोडते. त्यामुळे नाडी जलद तर लागतेच, पण तिच्या दोन ठोक्यांमधील अंतरात कोणताही मेळ उरत नाही. काहींना धडधड, दम, थकवा जाणवतो. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, आणि तेच अधिक घातक आहे.

घातक अशासाठी, की थरथरणाऱ्या अलिंदात रक्त वाहते राहत नाही. डाव्या अलिंदाला पिशवीसारखा एक फाटा असतो. त्यात रक्त साकळते, गुठळी बनते आणि एखाद्या दिवशी ती सुटून मेंदूकडे जाते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९१ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार या विकारामुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. म्हणून या रोगातील उपचाराचा पहिला प्रश्न ठोका नियमित कसा करावा हा नसून गुठळी कशी टाळावी हा असतो.

भारतातील चित्र युरोप-अमेरिकेहून थोडे वेगळे आहे आणि ते सांगितल्याखेरीज पुढे जाणे योग्य होणार नाही. तिकडे हा प्रामुख्याने उतारवयाचा विकार. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशातील रुग्णांची जी नोंदवही ठेवली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत रुग्णांचे सरासरी वय ५५ च्या आसपास होते आणि जवळजवळ निम्म्यांना संधिवाती ज्वराने झालेला झडपेचा विकार होता. म्हणजे बालपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, घरच्यांनी ते विसरूनही टाकले. पण झडप अरुंद होत गेली, अलिंद फुगत गेले आणि चाळिशीत हृदय थरथरू लागले. अशा रुग्णांत गुठळी टाळण्यासाठी जुनी वॉरफरीन वर्गातील औषधे आणि नवे रिव्हरोक्सॅबन यांची तुलना करणारी इन्व्हिक्टस ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जुनी औषधेच सरस ठरली. या जुन्या औषधांचा आहाराशी थेट संबंध आहे. हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व त्यांचा परिणाम कमी करते. चातुर्मासात किंवा पर्युषणात ज्या घरी हिरव्या भाज्या वर्ज्य होतात, तेथे याच गोळीचा परिणाम वाढू शकतो आणि रक्तस्रावाचा धोका उद्भवतो. व्रत घेण्यापूर्वी आणि ते सोडल्यानंतर रक्ताची आयएनआर तपासणी करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी, इतकेच येथे नमूद करणे पुरेसे आहे.

आता नकाशाकडे वळू.

विद्युत-नकाशा म्हणजे काय, हे समजण्यासाठी हवामान विभागाचा मान्सूनचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. त्यावर तारखा लिहिलेल्या रेषा असतात. एका रेषेवरील सर्व गावी पाऊस एकाच दिवशी पोहोचतो. रेषा विरळ असतात तेथे पाऊस झपाट्याने पुढे सरकतो. दाटीने असतात तेथे तो रेंगाळतो. आणि सर्वांत आधीची तारीख पाहिली की तो कोठून शिरला हे उमगते. हृदयाचा नकाशाही असाच काढतात. तारेसारख्या लवचीक नळीच्या, म्हणजे कॅथेटरच्या, टोकावरील इलेक्ट्रोड हृदयाच्या आतील भिंतीला टेकवतात. त्या ठिकाणावरून विद्युत-लहर गेली की पडद्यावर एक तीक्ष्ण रेघ उमटते आणि तिची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. अशा शेकडो ठिकाणांच्या वेळा जुळवल्या की लहर कोठून निघाली, कोठे वळली, कोठे अडखळली हे दिसते. संगणकाच्या पडद्यावर सर्वांत आधी जागा झालेला भाग तांबडा आणि सर्वांत शेवटचा जांभळा, अशी रंगयोजना अनेक यंत्रांत असते.

हृदयाचा ठोका नियमित असेल तर हे काम एका इलेक्ट्रोडनेही होते. लेझीम-पथक तीच ती चाल पुनःपुन्हा करीत असेल, तर एकच छायाचित्रकार दर फेरीत जागा बदलून सगळ्या बाजूंची चित्रे घेऊ शकतो आणि ती नंतर जोडू शकतो. परंतु जत्रेच्या गर्दीत ही युक्ती चालत नाही. पहिले चित्र घेऊन छायाचित्रकार दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत गर्दी पार पालटलेली असते. फिब्रिलेशन ही अशी गर्दी आहे. येथे कोणतीही लहर पुन्हा त्याच वाटेने येईल याची शाश्वती नाही. म्हणून शंभर ठिकाणी शंभर डोळे एकाच क्षणी उघडे असावे लागतात. या एका अडचणीभोवती या विषयाचा सारा इतिहास फिरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स मॅकेन्झी हे स्कॉटिश डॉक्टर इंग्लंडमधील बर्न्ली येथे सर्वसाधारण वैद्यकी करीत. मानेतील नीला आणि मनगटाची नाडी यांचे आलेख ते स्वतः तयार करविलेल्या यंत्राने कागदावर उतरवीत. काही रुग्णांत नाडी अत्यंत अनियमित झाली की मानेच्या आलेखातून अलिंदाची लाट नाहीशी होते, हे त्यांच्या लक्षात आले. अलिंद लुळे पडले असावे, असा त्यांनी तर्क केला. निरीक्षण अचूक होते. तर्क चुकला होता. अलिंद लुळे पडलेले नव्हते, उलट ते क्षणभरही थांबत नव्हते. हॉलंडमधील विलेम आइंथोव्हेन यांनी बनवलेल्या ईसीजी यंत्राच्या साहाय्याने लंडनच्या थॉमस लुईस यांनी १९०९ मध्ये ते दाखवून दिले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथील रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. आइंथोव्हेन यांना पुढे १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे यंत्र पाव टनाहून जड होते आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. आज तोच आलेख मनगटावरील घड्याळ काढते!

लुईस येथे थांबले नाहीत. कुत्र्याच्या उघड्या हृदयावर एकेका बिंदूची वेळ मोजून त्यांनी १९१४ च्या सुमारास अलिंदातील विद्युत-प्रसाराचा नकाशा काढला. विद्युत-लहर वर्तुळाकार वाटेने स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहते, ही कल्पनाही त्यांनी पुढे हिरिरीने मांडली. तिचा पाया जॉर्ज माइन्स या तरुण शास्त्रज्ञाने घातला होता, जो १९१४ मध्ये वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी मृत्यू पावला. लहर पुढे जाते, मागचा स्नायू काही क्षण विश्रांती घेतो. तो पुन्हा सज्ज होईतो लहर फेरा पूर्ण करून परत आली तर ती अखंड फिरत राहते. हे तत्त्व आजही अबाधित आहे.

नंतरची काही दशके नकाशाच्या दृष्टीने सुनी गेली. या काळातील महत्त्वाची भर एका विचाराची आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ गॉर्डन मो यांनी १९५९ ते १९६४ या काळात असे मांडले की फिब्रिलेशनमध्ये एकच लहर नसून अनेक लहानमोठ्या लहरी भटकत असतात. त्या परस्परांवर आदळतात, विझतात, फुटून नव्या होतात. त्यांनी त्या काळच्या संगणकावर याची प्रतिकृतीही चालवून पाहिली. तिचा प्रत्यक्ष पडताळा पाहण्यासाठी १९८५ साल उजाडावे लागले. हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे मॉरिट्स अलेसी यांनी कुत्र्याच्या अलिंदात इलेक्ट्रोडांनी भरलेली उपकरणे बसवून एकाच वेळी पुष्कळ बिंदूंची नोंद घेतली, आणि एका क्षणी साधारण चार ते सहा लहरी भटकताना दिसल्या. माणसांतील असा नकाशा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या कारणासाठी हृदय-शस्त्रक्रिया होत असलेल्या २५ रुग्णांच्या उजव्या अलिंदावर २४४ बिंदूंचा चमच्यासारखा इलेक्ट्रोड ठेवून तो काढला होता. सर्व रुग्णांचे फिब्रिलेशन एकसारखे नसते, हे त्यात प्रथम स्पष्ट दिसले. काहींत एकच रुंद लहर, काहींत दोन, तर काहींत नुसता तुकड्यांचा गोंधळ.

या अभ्यासांत मुक्या प्राण्यांचे जीव गेले आहेत. ऐकणाऱ्यांच्या मनाला ते बोचल्याशिवाय राहणार नाही, आणि ते झाकून हा इतिहास सांगणे प्रामाणिक ठरले नसते.

लहरी भटकत असतील तर त्यांच्या वाटाच तोडाव्यात, असे सेंट लुईस येथील शल्यविशारद जेम्स कॉक्स यांनी ठरविले. १९८७ मध्ये त्यांनी अलिंदांना ठरावीक ठिकाणी चिरे देऊन पुन्हा शिवण्याची शस्त्रक्रिया केली. व्रणाच्या रेषा विजेला अडवतात. उरते ती वळणावळणाची एकच वाट, जिच्यातून नैसर्गिक संदेश पुढे जाऊ शकतो पण लहर फेरा घेऊ शकत नाही. भूलभुलैया असेच तिचे नाव पडले. ती यशस्वी होती, परंतु छाती उघडून करण्याची होती.

येथपर्यंत सर्वांची नजर गर्दीवर खिळलेली होती. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला : गर्दी उसळण्यापूर्वी पहिली आरोळी कोणी दिली? त्यांनी ज्यांना हा विकार वारंवार अधूनमधून होतो असे ४५ रुग्ण निवडले. हृदय नियमित चालू असताना कॅथेटर आत ठेवून ते वाट पाहत राहिले. अचानक एखादा अवेळी ठोका येई आणि त्यामागोमाग थरथर सुरू होई. तो पहिला ठोका कोठून येतो, एवढेच त्यांनी नकाशात शोधले. अशी ६९ उगमस्थाने सापडली आणि त्यांपैकी ६५, म्हणजे ९४ टक्के, अलिंदात नव्हतीच. ती फुप्फुसनीलांमध्ये होती. म्हणजे फुप्फुसातून शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या, सामान्यतः चार असणाऱ्या वाहिन्यांच्या आत, दोन ते चार सेंटिमीटर खोल. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. त्या ठिकाणी रेडिओलहरींच्या उष्णतेने बारीक डाग दिल्यावर २८ रुग्णांचा विकार, सरासरी आठ महिन्यांच्या पाहणीत, औषधांवाचून थांबलेला होता.

नीलेत विजेचे काय काम, असा प्रश्न साहजिक आहे. गर्भावस्थेत हृदय घडत असताना अलिंदाच्या स्नायूची बाही या नीलांच्या भिंतीवर काही अंतरापर्यंत चढलेली असते. शरीररचनाशास्त्राला ती पूर्वीपासून ठाऊक होती. तिच्याकडे कोणी संशयाने पाहिले नव्हते, इतकेच. आरंभी डॉक्टर नीलेच्या आत शिरून डाग देत. त्यामुळे काही रुग्णांत नीलाच अरुंद झाली. मग विचार पालटला. आतील प्रत्येक ठिणगी शोधत बसण्याऐवजी नीलेच्या मुखाभोवतीच डागांचे कडे करावे आणि ठिणगी आतच कोंडावी. आज जगभर होणाऱ्या ॲब्लेशन या उपचाराचा गाभा हाच आहे.

योगायोग असा, की याच सुमारास नकाशा काढण्याचे साधनही पालटले. इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील श्लोमो बेन-हाइम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाच्या पलंगाखाली सौम्य चुंबकीय क्षेत्र निर्माण करायचे आणि कॅथेटरच्या टोकातील सूक्ष्म संवेदकाने आपली जागा मिलिमीटरच्या हिशेबात कळवायची. कॅथेटर भिंतीवरून फिरत जाईल तसतसा संगणक त्या कप्प्याचा आकार आणि त्यावरील विजेची वेळ, दोन्ही एकाच चित्रात रंगवतो. सतत क्ष-किरण लावून अंदाजाने काम करण्याची गरज त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

तर मग प्रश्न मिटला का? अधूनमधून येणाऱ्या विकारापुरता, बऱ्याच अंशी, होय. पण जो महिनोन्महिने टिकून बसला आहे त्याचे काय? १९९५ मध्ये अलेसी यांच्याच प्रयोगशाळेने बकऱ्यांवरील प्रयोगात असे दाखविले होते की यंत्राने वारंवार थरथर सुरू केल्यास आरंभी ती काही सेकंदांत थांबते. पण असेच चालू ठेवले तर थोड्याच आठवड्यांत ती चोवीस तासांहून अधिक टिकू लागते. म्हणजे हा विकार स्वतःच स्वतःसाठी जमीन नांगरतो. अलिंद रुंदावते, त्यात तंतुमय व्रण पसरतात, आणि मग नीलांतील ठिणगी विझवूनही वणवा चालू राहू शकतो. रोगाचे निदान होऊन वर्ष उलटलेले नाही अशा २७८९ रुग्णांवरील एक युरोपीय चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात लवकर लय सुधारण्याचे उपचार सुरू केलेल्यांत पक्षाघात, हृदयविकाराने होणारे मृत्यू आदी गंभीर घटना कमी आढळल्या. बकऱ्यांतील निरीक्षणाशी हे सुसंगत आहे.

टिकाऊ विकारातील वणव्याचे केंद्र शोधण्यासाठी गेल्या वीस वर्षांत एकामागून एक नकाशे पुढे आले. २००४ मध्ये कूनलावी नादेमानी यांनी असे सुचविले की जेथे विजेची नोंद तुटक आणि अखंड खडबडीत दिसते, त्या जागा डागाव्यात. त्यांचे आकडे उत्साहवर्धक होते आणि पुष्कळ केंद्रांनी ती पद्धत उचलली. २०१२ मध्ये संजीव नारायण आणि सहकाऱ्यांनी ६४ इलेक्ट्रोडांची टोपलीसारखी जाळी अलिंदात उघडून संगणकाच्या साहाय्याने भोवऱ्यासारखी फिरणारी केंद्रे दाखविली. २०१४ मध्ये बोर्दोच्या गटाने १०३ रुग्णांच्या छातीवर २५२ इलेक्ट्रोडांचे जाकीट चढवून, सीटी स्कॅनशी सांगड घालून, हृदयाला स्पर्शही न करता नकाशे काढले. प्रत्येक नकाशा पाहताना, हेच ते सापडले, असे वाटावे इतका तो सुंदर होता.

सुंदर चित्र आणि खरे चित्र यांत अंतर असू शकते. त्याची परीक्षा एकच : त्या चित्रावरून उपचार केलेले रुग्ण आणि त्याविना उपचार केलेले रुग्ण यांची समोरासमोर तुलना. अशी तुलना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. टिकाऊ विकाराच्या ५८९ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्यात केवळ नीलांभोवती कडे. दुसऱ्यात त्याशिवाय खडबडीत नोंदीच्या जागा डागणे. तिसऱ्यात कड्याशिवाय आणखी दोन रेषा. दीड वर्षानंतर विकारमुक्त राहिलेले अनुक्रमे ५९, ४९ आणि ४६ टक्के. अधिक डाग देऊन अधिक लाभ झाला नाही. भोवऱ्यांच्या नकाशालाही पुढील नियंत्रित चाचणीत अपेक्षित पाठबळ मिळाले नाही. या चाचण्या घडवून आणणाऱ्यांचे मोल नवी यंत्रे काढणाऱ्यांहून कमी नाही. आपल्याकडे मात्र यंत्राची जाहिरात लवकर पोहोचते, चाचणीचा निकाल उशिरा.

नकाशे का चकले? एक कारण विलक्षण आहे. अलिंदाची भिंत केवळ काही मिलिमीटर जाड. इतक्या पातळ भिंतीच्या आतील आणि बाहेरील थरांतून लहर एकत्रच जात असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. अलेसी आणि रॉटरडॅम येथील नताशा दे ग्रूट यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी अत्यंत बारीक अंतरावर इलेक्ट्रोड ठेवून घेतलेल्या नोंदींत आढळले की दीर्घकाळच्या विकारात हे दोन थर परस्परांपासून विलग होतात. बाहेरच्या थरातील लहर मध्येच आत उसळते. आतून पाहणाऱ्याला ती नवीच ठिणगी वाटते. वस्तुतः ती दुसऱ्या मजल्यावरून आलेली असते. एकाच मजल्याचा आराखडा हातात धरून दुमजली वाड्यातील हालचाल समजून घेण्यासारखे ते होते. दुसरे कारण अधिक साधे. इलेक्ट्रोडांमधील अंतर मोठे असेल तर मधल्या जागेतील चित्र संगणक अंदाजाने भरतो आणि तो अंदाज तितक्याच चमकदार रंगांत रंगवतो.

शोध थांबलेला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कृत्रिम बुद्धिमत्तेने निवडलेल्या जागांवर डाग दिलेल्या रुग्णांत एका वर्षानंतर फिब्रिलेशनपासून मुक्त राहिलेले ८८ टक्के होते, तर केवळ नीलांभोवती कडे केलेल्यांत ७० टक्के. मात्र एकाच उपचारानंतर सर्व प्रकारच्या जलद लयींपासून मुक्ती मिळण्यात दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक नव्हता. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच मोठ्याने सांगितला पाहिजे.

हल्ली ज्या रुग्णाला ॲब्लेशन सुचविले जाते, त्याच्या वाट्याला प्रत्यक्ष काय येते? जांघेतील नीलेतून कॅथेटर वर नेतात आणि दोन अलिंदांमधील पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात. अनेक इलेक्ट्रोडांचा कॅथेटर फिरवून काही मिनिटांत हजारो बिंदूंचा नकाशा तयार होतो. रुग्ण त्या वेळी फिब्रिलेशनमध्येच असेल तर वेळेचा नकाशा निरुपयोगी. तेव्हा विजेच्या जोराचा नकाशा काढतात. निरोगी स्नायू जोराची नोंद देतो, व्रण पडलेला स्नायू क्षीण. रोग किती जुना झाला आहे, हे त्यावरून पुष्कळसे कळते. डाग देण्यासाठी उष्णता, अतिशीत फुगा किंवा, अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून मान्यता मिळालेली, क्षणिक विद्युत-स्पंदांची पद्धत वापरतात. या शेवटच्या पद्धतीत अलिंदामागे चिकटून असलेल्या अन्ननलिकेला इजा होण्याची भीती फार कमी आहे. तरीही हृदयाभोवती रक्त साठणे, पक्षाघात होणे असे धोके विरळ असले तरी आहेत. नातेवाईकांनी ते विचारावेत आणि डॉक्टरांनी ते सांगावेत. उपचार यशस्वी झाला म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वी आलेला पक्षाघात यांवरून होतो.

काम संपत आले की डॉक्टर नीलेच्या मुखाशी कड्यासारखा कॅथेटर पुन्हा ठेवून पाहतात. मघापर्यंत तेथे विजेच्या तीक्ष्ण रेघा उमटत होत्या. कडे पूर्ण झाले असेल तर त्या नाहीशा होतात. क्वचित मात्र पडद्यावर एक वेगळेच दृश्य दिसते. वरच्या ओळीत हृदयाचा ठोका संथ आणि नियमित चाललेला असतो, आणि खालच्या ओळीत, कड्याच्या आत कोंडलेली नीला अजूनही वेड्यासारखी थरथरत असते. तिचा आवाज आता हृदयापर्यंत पोहोचत नाही.